मुळाशी पेला

माझं काम सांगायला सोपं आहे:
लोकांनी जिथे बोट ठेवू नये
तिथे मी आधी ठेवते.
रात्री दहा ते सकाळी सहा, दौगावपिल्स,
ट्राम डेपोच्या मागे, तिसरा मजला.

एक संगणक आहे, बाकीच्यांपासून तोडलेला.
त्याला ना नाव, ना घर, ना बँकेत खातं.
त्याच्यावर मी लिंक उघडते.
त्याला विष चढतं, मी वेळ टिपून घेते,
मग पुसून टाकते सगळं,
आणि तो पुन्हा कोरा, भाबडा,
पुढच्या लिंकची वाट बघत.

वाईट लिंक वाईट दिसत नाही.
आमच्या गावात दोन लिप्या नांदतात,
आणि रशियनमधला आ नि लाटवियनमधला आ
जुळे. जन्मदात्रीनंही फसावं इतके.
बँकेच्या नावातलं एवढं एक अक्षर
कुणीतरी रातोरात बदलतं.
तोच हिरवा रंग, तीच कुलपाची खूण,
फक्त कुलूप आता त्यांचं.

समोरच्या झिनाइदाबाईंकडे मागितले होते
एक युरो एकोणचाळीस सेंट, पार्सल अडलंय म्हणून.
गेले दोनशे बारा.
तीन आठवडे त्या कुणाशी बोलल्या नाहीत.
जिन्यात भेटल्या की पिशवीत डोकं घालून
चाव्या शोधत राहायच्या.
शेवटी सांगितलं, तेही असं
जणू चोरी त्यांनीच केली.
मी म्हटलं, अहो, ती माणसं पाळ्यांमध्ये काम करतात, माझ्यासारखीच.
तुम्ही एकट्या होतात.
त्यांनी बीटच्या लोणच्याची बरणी माझ्या हातात दिली.
म्हणाल्या, तुझ्या आईला सांगू नकोस.

आई सप्टेंबरात अळंबी वेचायला जाते.
लहानपणी मी सुरीनं वरून कापायचे, नीटनेटकं,
ती मनगट धरायची.
शेवाळ बाजूला कर. बोटं खाली घाल.
जिच्या मुळाशी पेला, ती कुत्र्याची छत्री,
मग कितीही गोरी असो.
टोपी काय, सगळ्यांचीच छान असते.

हेच मी गुरुवारी वाचनालयात सांगते, पेन्शनरांना:
बाण लिंकवर नुसता नेऊन थांबा.
दाबू नका.
खाली कोपऱ्यात खरा पत्ता उमटतो. तिथे बघा.
ओस्वाल्ड्स आजोबा विचारतात, आणि फोनवर?
फोनवर बाण नसतो.
मी काहीतरी सांगते, पण आवाज
एक पायरी उतरतो.

आता राहिलेलं सांगते.
नोव्हेंबरात, पहाटे चारनंतर, मला पत्र आलं
कबरस्तानाच्या कार्यालयाकडून.
वडिलांच्या जागेचं शुल्क थकलंय,
जागा दुसऱ्यांना देण्यात येईल.
आर्विड्स, बरोबर लिहिलेलं,
ईवरच्या आडव्या रेघेसकट.
मी शेवाळ बाजूला केलं नाही.
बोटं खाली घातली नाहीत.
आणि तेही त्या कोऱ्या मशीनवर नव्हे,
माझ्या, नाव-घर-खातं असलेल्या.

सात मिनिटं मी कुणाला सांगितलं नाही.
मोजलीत; सवयच आहे.
त्या सातात मला झिनाइदाबाईंचे
तीन आठवडे कळले.
मग केबल उपटली
आणि रायमोन्ड्सला हाक मारली, वयानं माझ्या निम्मा.
तो हसला नाही.
पाणी पी म्हणाला, आणि नोंदवहीत लिहिलं:
चार अकरा. उघडणारी व्यक्ती, आउस्मा.

आईला सांगितलं तेव्हा ती बटाटे सोलत होती.
म्हणाली, ज्याला अळंबी ओळखता येत नाही
तो अळंबीनं मरत नाही गं,
तो खातच नाही.
मग जरा थांबून:
पण त्यांची जागा आहे ना?

आहे, म्हटलं. जूनपर्यंत भरलंय.
फोन करून विचारलं मी.
नंबर पत्रातला नाही घेतला,
फाटकावर रंगवलेला आहे, बसनं जाऊन बघून आले.

बरं, म्हणाली,
आणि बटाटा उजेडाकडे धरला,
कुठे हिरवा तर नाही, बघत.